फुटबॉल बंद करण्याचा निर्णय : स्वॉर्थमोर कॉलेज, डिसेंबर २०००

शनिवार, २ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्वॉर्थमोर कॉलेजच्या विश्वस्त मंडळाने, तिथे १८७८ पासून खेळला जाणारा फुटबॉल बंद केला. त्याच बैठकीत कुस्तीही बंद झाली आणि महिलांच्या बॅडमिंटनला कॉलेजच्या अधिकृत संघाऐवजी क्लबचा दर्जा मिळाला. चोवीस खेळांचे एकवीस झाले.

लहान कॉलेजात प्रवेशाची एकेक जागा मोजून दिली जाते. अशा ठिकाणी खेळाला किती जागा द्यायच्या, आणि आपल्या कॉलेजचा अभिमान नेमका कशावर उभा असतो, हे दोन्ही प्रश्न या प्रकरणात उघडे पडतात. निर्णयामागचे गणित मला पटते. तो ज्या वेळी आणि ज्या रीतीने घेतला गेला ते पटत नाही, म्हणून या लेखाचा भर त्या रीतीवर आहे. खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. खेळाडू तर तेव्हा विशीच्या आतबाहेरचे होते.

पुढे जिथे ‘फुटबॉल’ म्हटले आहे तिथे हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल समजावा. आपल्या फुटबॉलला सॉकर म्हटले आहे.

पार्श्वभूमी

स्वॉर्थमोर हे फिलाडेल्फियाजवळचे निवासी कॉलेज. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८६४ मध्ये ते स्थापन केले आणि मुला-मुलींना पहिल्यापासून एकत्र शिकवले. २००० च्या सुमारास तिथे चौदाशेच्या आसपास विद्यार्थी होते आणि दर वर्षी साधारण पावणेचारशे नवे येत. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे पदवीपुरते शिक्षण, लहान वर्ग, आणि भौतिकशास्त्र घेणाऱ्यालाही तत्त्वज्ञान किंवा संगीत शिकण्याची मुभा. या प्रकारच्या कॉलेजांत स्वॉर्थमोरचे नाव अभ्यासाच्या कठीणपणासाठी घेतले जाते. तिथे खेळ नव्हता असे मात्र नाही. पुरुषांच्या टेनिस संघाने १९७७, १९८१, १९८५ आणि १९९० असे चार वेळा आपल्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते.

ही श्रेणी म्हणजे एनसीएए या राष्ट्रीय क्रीडा संघटनेची डिव्हिजन थ्री. तिचा मुख्य नियम असा की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. मग चांगला खेळाडू कॉलेजात येतो कसा? प्रवेशाच्या दारातून. प्रशिक्षक शाळांतून मुले शोधतात आणि आपल्या पसंतीची यादी प्रवेश विभागाकडे देतात. अर्जदार अभ्यासात बरा असेल तर त्या यादीचे वजन त्याच्या पारड्यात पडते. आपल्याकडे क्रीडा कोट्याच्या जागा नियमाने ठरलेल्या आणि जाहीर असतात. तिथे हा हिशेब कॉलेज आपल्यापुरता ठरवते, आणि बहुतेक विद्यार्थ्यांना तो ठाऊकही नसतो.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वॉर्थमोरचा फुटबॉल संघ ओळीने अठ्ठावीस सामने हरला. ही मालिका १९९९ मध्ये ओबर्लिन कॉलेजविरुद्धच्या विजयाने तुटली. मधल्या काळात, १९९८ मध्ये, कॉलेजने नवा मुख्य प्रशिक्षक आणला आणि संघ पुन्हा उभा करायचे ठरवले. त्या भरवशावर मुले आली. २००० च्या हंगामात संघाने नऊपैकी चार सामने जिंकले. बाहेरच्याला हा आकडा साधारण वाटेल, पण सलग तीन हंगाम एकही विजय न पाहिलेल्या संघाच्या दृष्टीने ते वळण होते.

हंगाम नोव्हेंबरमध्ये संपला आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी संघच संपला.

अडचण

मैदानावर एका वेळी एका बाजूचे अकराच खेळाडू असतात. पण चढाईचे वेगळे, बचावाचे वेगळे, किक मारण्याच्या वेळचे वेगळे असतात, आणि दुखापती इतक्या होतात की प्रत्येक जागेला बदली खेळाडू लागतो. पन्नास-साठ मुलांखाली संघ नीट चालत नाही. मिशिगनसारख्या हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात शंभर फुटबॉलपटू गर्दीत दिसणारही नाहीत. स्वॉर्थमोरमध्ये मुलगे सातशेच्या आसपास. त्यांतले पंचावन्न म्हणजे तेरा मुलांमागे एक.

प्रवेशाकडे पाहिले की पेच आणखी स्पष्ट होतो. खेळासाठी खास निवडलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण प्रत्येक वर्गात, म्हणजे एका वर्षी प्रवेश घेणाऱ्या तुकडीत, दहा ते पंधरा टक्के असावे, असे कॉलेजने नेमलेल्या समितीने सुचवले. पावणेचारशेच्या वर्गात याचा अर्थ अडतीस ते छप्पन्न जागा. पन्नास-साठांचा फुटबॉल संघ टिकवायचा तर दर वर्षी, मधेच सोडणारे धरून, पंधरा ते वीस मुले नवी लागणार. म्हणजे उरलेल्या तेवीस खेळांना मिळून वीस ते चाळीस जागा. एखाद्या संघाला एका वर्षी एकच खेळाडू, दुसऱ्या वर्षी एकही नाही. पंधरा-वीस हा माझा ढोबळ अंदाज आहे. तो थोडा इकडेतिकडे केला तरी निष्कर्ष बदलत नाही.

याला जोडूनच सुरक्षेचा प्रश्न होता. संख्येने अपुऱ्या संघात तीच मुले चढाईलाही उतरतात आणि बचावालाही, आणि थकलेल्या शरीराने टक्कर घेतात. हरण्याची लाज एक वेळ पचवता येते. पण अंगकाठीने वरचढ संघासमोर दर आठवड्याला अपुरा संघ उभा करणे ही कॉलेजच्या जबाबदारीची गोष्ट होती, आणि फुटबॉलविरोधी बाजूचा हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो.

पैशाची अडचण नव्हती, हेही नोंदवायला हवे. स्वॉर्थमोर श्रीमंत कॉलेज आहे. तुटवडा होता तो प्रवेशाच्या जागांचा.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. फुटबॉलमुळे कॉलेजात वेगळ्या घरांतली, वेगळ्या वळणाची मुले येतात असे तिचे म्हणणे होते. छोट्या गावांतून, साध्या सरकारी शाळांतून आलेली, ज्यांनी एरवी या कॉलेजात अर्जही केला नसता अशी मुले. सगळेच एका साच्यातले हुशार विद्यार्थी जमा झाले तर त्या हुशारीलाही एकसुरीपणा येतो, आणि तो मोडणारी मुलेच आपण बाहेर काढत आहोत, असे हे लोक सांगत होते. माजी विद्यार्थ्यांचा मुद्दा आणखी साधा होता. शरद ऋतूत होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, कॉलेजात परत यायचे ते शनिवारच्या सामन्याला. सामनाच नसेल तर जमायचे कशाभोवती?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता चालले आहे तसे चालू देणे. चोवीस खेळ, प्रत्येकाला थोड्या जागा, आणि बहुतेक संघ कायम कमकुवत. कुणाचेच मन दुखवायचे नसते तेव्हा संस्था हाच मार्ग धरतात आणि दहा वर्षांनी त्याच जागी सापडतात.

दुसरा म्हणजे खेळाडूंचा वाटा वाढवणे. विल्यम्स आणि अ‍ॅम्हर्स्ट या कॉलेजांनी हाच मार्ग घेतला आहे. आकाराने ती स्वॉर्थमोरपेक्षा फार मोठी नाहीत, अभ्यासाची ख्याती तशीच, आणि त्यांची आपसातली फुटबॉलची चुरस एकोणिसाव्या शतकापासूनची. त्यासाठी वर्गातला बराच मोठा हिस्सा खेळाडूंना द्यावा लागतो आणि ती कॉलेजे तो देतात. म्हणून ‘लहान कॉलेजात फुटबॉल चालूच शकत नाही’ हे म्हणणे खरे नाही. तो चालवायची किंमत स्वॉर्थमोरला मोजायची नव्हती, इतकेच म्हणता येते.

तिसरा, फुटबॉल सोप्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळणे किंवा क्लबच्या पातळीवर आणणे. सॉकरमध्ये हे सहज जमते. टकरीच्या खेळात साहित्य, वैद्यकीय सोय, प्रशिक्षक आणि माणसांची संख्या यांतले काहीच कमी करता येत नाही. कमी संख्येने क्लब फुटबॉल खेळवणे म्हणजे सुरक्षेचा प्रश्न अधिक बिकट करून ठेवणे.

चौथा पर्याय, बंद करणे. त्याला घरचेच उदाहरण होते. शेजारचे हॅवरफर्ड कॉलेजही क्वेकरांचे आणि स्वॉर्थमोरचे जुने प्रतिस्पर्धी. त्याने फुटबॉल १९७२ मध्येच सोडला होता आणि ‘१९७२ पासून अपराजित’ असे छापलेले टी-शर्ट तिथले विद्यार्थी घालत आले. फुटबॉल नसतानाही बाकीच्या खेळांतली या दोन कॉलेजांची वर्षभराची चुरस चालू राहिली. तिच्या एकूण विजेत्याला हूड ट्रॉफी मिळते.

पाचवा पर्यायही होता, आणि त्यावर पुरेसा विचार झाल्याचे दिसत नाही. बंद करायचे, पण आत्ता नाही. आलेल्या मुलांची चार वर्षे पुरी होऊ द्यायची आणि नवी भरती थांबवायची. यावर एक रास्त आक्षेप आहे. भरती थांबली की दोन वर्षांत संघ पुन्हा अपुरा पडतो आणि सुरक्षेचा प्रश्न परत येतो. तरी एक किंवा दोन हंगामांची मुदत देता आली असती.

काय केले

समितीत प्राध्यापक, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि विश्वस्त होते. तिच्यात एकमत झाले नाही. प्रश्न विश्वस्त मंडळापुढे गेला आणि तिथेही एकमत झाले नाही.

एकमत न होणे या कॉलेजात साधी गोष्ट नव्हती. क्वेकरांच्या बैठकीत हात वर करून मोजणी करत नाहीत. सगळ्यांचा कल एका दिशेला येईपर्यंत बोलत राहायचे, गरज पडली तर गप्प बसायचे आणि विषय पुढच्या बैठकीवर टाकायचा, ही त्यांची जुनी पद्धत. कॉलेज आता पंथाच्या हाती राहिले नसले तरी विश्वस्त मंडळ ती पाळत आले होते. त्या शनिवारी मात्र मतदान झाले आणि बहुमताने फुटबॉल, कुस्ती आणि अधिकृत बॅडमिंटन संपले. कॉलेजचे अध्यक्ष आल्फ्रेड ब्लूम या निर्णयाच्या बाजूचे होते. उरलेल्या प्रत्येक खेळाला पुरेसे खेळाडू आणि जिंकण्याची खरी संधी मिळावी, आणि वर्गातल्या बाकीच्या जागा इतर गुणांसाठी मोकळ्या राहाव्यात, अशी कॉलेजची अधिकृत भूमिका होती.

या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू मला इथे दिसतो. कल एकवटत नाही हे दिसल्यावर मंडळापुढे दोन रस्ते होते. विषय वसंतातल्या बैठकीपर्यंत लांबवायचा आणि मधल्या काळात खेळाडूंना ‘फुटबॉल बंद करण्याचा विचार चालू आहे’ असे उघड सांगायचे. नाहीतर त्याच दिवशी निकाल लावायचा. लगेच निकाल लावण्यामागे व्यवहार होता. पुढच्या वर्षाचे अर्ज येत होते आणि प्रशिक्षक शाळकरी मुलांना शब्द देत होते. आणखी एक तुकडी येऊन मग संघ बंद झाला असता तर तो अन्याय मोठा झाला असता. हा युक्तिवाद खरा आहे. पण त्याच युक्तिवादाने आदल्या दोन वर्षांत आलेल्या मुलांवरचा अन्यायही सिद्ध होतो, कारण त्यांनाही शब्द मिळालाच होता.

विरोधकांची मुख्य तक्रार हीच होती. संघ मोडण्याचा पर्याय खरोखर विचारात आहे हे खेळाडूंना आणि माजी विद्यार्थ्यांना अगदी शेवटपर्यंत स्पष्ट सांगितले गेले नाही, असे ते म्हणत. सत्र संपत आले होते, परीक्षा तोंडावर होत्या. पहिल्या वर्षाचा मुलगा ऑगस्टमध्ये आला, एक हंगाम खेळला आणि नाताळच्या सुट्टीला घरी जाताना त्याला संघ नव्हता.

खेळासाठी शिष्यवृत्ती नसल्याचा एक चांगला परिणाम इथे दिसला. मुलांची आर्थिक मदत घरच्या परिस्थितीवर ठरलेली होती, त्यामुळे संघ गेला तरी मदत गेली नाही. राहायचे ठरवणाऱ्याला शिकता येत होते. ज्यांना फुटबॉल सोडवेना त्यांच्यापुढे दुसरे कॉलेज गाठण्याचाच मार्ग होता.

नंतर काय झाले

माजी विद्यार्थ्यांत संताप उसळला. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे, अध्यक्षपद भूषवलेले नील ऑस्ट्रियन स्वॉर्थमोरचेच. त्यांनी निर्णयाला उघड विरोध केला. ‘माइंड द गॅप’ नावाचा गट उभा राहिला आणि फुटबॉल परत आणण्याची मागणी करू लागला. देणग्या थांबवण्याची भाषा झाली. निर्णय मात्र फिरला नाही आणि फुटबॉल आजही परतलेला नाही.

कॉलेजचे नुकसान झाले का? प्रवेशअर्ज घटले नाहीत, पुढच्या वर्षांत उलट वाढत गेले. ही वाढ त्या काळात सगळ्याच नामांकित कॉलेजांत झाली, म्हणून तिचे श्रेय या निर्णयाला देता येणार नाही. इतकेच म्हणता येईल की फुटबॉल नाही म्हणून विद्यार्थ्यांनी पाठ फिरवली नाही.

मैदानावरचे उत्तर यायला बराच वेळ लागला. २०१७ मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल संघाने आपल्या गटाची, म्हणजे सेंटेनियल कॉन्फरन्सची, स्पर्धा प्रथमच जिंकली. २०१९ मध्ये हाच संघ डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि विस्कॉन्सिन-ऑशकॉशकडून हरला. २०२० मध्ये तो देशात पहिल्या क्रमांकावर असताना कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली. टार्बल पॅव्हिलियन या छोट्या बंदिस्त कोर्टावर सामन्याला विद्यार्थी गर्दी करत. समर्थक याकडे बोट दाखवून सांगतात की जागा वाचल्या म्हणून हे घडले. मला हे अर्धेच पटते. बास्केटबॉलचा संघ पंधरा-वीस जणांचा असतो. दर वर्षी चार-पाच चांगली मुले आणि एक उत्तम प्रशिक्षक मिळाला की तो उभा राहतो, शेजारी फुटबॉल असो वा नसो. निर्णय आणि हे यश यांच्यात जवळपास दोन दशकांचे अंतर आहे.

कॉलेजच्या अभिमानाचे काय झाले ते मात्र लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. पुढच्या काही वर्षांत विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजसाठी राखेतून पुन्हा उठणारा फिनिक्स पक्षी हे बोधचिन्ह निवडले. तिथली मुख्य इमारत, पॅरिश हॉल, १८८१ मध्ये आगीत जळून पुन्हा उभी राहिली होती. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे नावही फिनिक्सच. बोधचिन्ह आणि रंगीत मफलर घेऊन ओरडणारी गर्दी फुटबॉलखेरीजही जमू शकते हे त्यातून दिसले. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा?’ची आरोळी ज्याने ऐकली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. तिथे एकांकिकेवरून कॉलेजे अशी भिडतात की पडदा उघडण्याआधीच घसे बसतात.

बॅडमिंटन पुढे पुन्हा कॉलेजचा अधिकृत संघ झाला. कुस्ती परतली नाही.

कुठे वेगळे करता आले असते

खरी वेळ १९९८ ची होती. संघ हरत होता, मुले कमी होती, प्रवेशाचे गणित तेव्हाही तेच होते. नवा प्रशिक्षक आणण्याआधी ‘दर वर्षी वीस जागा आपण कायम देणार आहोत का?’ हा एकच प्रश्न मंडळाने स्वतःला विचारायला हवा होता. उत्तर ‘नाही’ असते तर संघ तेव्हाच, हरत असताना, बंद करता आला असता. दुःख तेव्हाही झाले असते. पण एकाही मुलाला बोलावून आणून घालवल्यासारखे झाले नसते. आधी गुंतवणूक करायची, माणसे जोडायची, थोडे यश दिसू लागले की मागे फिरायचे, हा क्रम सर्वांत वाईट होता.

समितीला दिलेले कामही नीट मांडायला हवे होते. ‘क्रीडा कार्यक्रमाचा आढावा’ म्हटले की लोकांना वाटते मैदाने, बजेट, प्रशिक्षकांचे पगार यांवर चर्चा चालली आहे. काही संघ बंद होऊ शकतात हे पहिल्याच पत्रकात लिहिले असते तर विरोध वर्षभर आधी सुरू झाला असता. त्याचा त्रास झाला असता हे खरे. पण त्या वर्षभरात फुटबॉलच्या बाजूच्या लोकांना आपला आराखडा, आपला पैसा आणि आपली माणसे घेऊन पुढे यायची संधी मिळाली असती. तो आराखडा अपुरा ठरला असता तर तसे तोंडावर सांगता आले असते.

मतदानाबद्दल माझे मत पक्के आहे. बहुमत घेण्यात गैर काही नाही, जगभर संस्था तशाच चालतात. पण जी संस्था आपल्या विद्यार्थ्यांना एकमताची पद्धत हा आपला वारसा म्हणून सांगते, तिने नेमका सर्वांत वादग्रस्त विषय मोजणीवर सोडवला तर हरलेल्या बाजूला निकालासोबत पद्धतीविषयीही तक्रार उरते, आणि पद्धतीविषयीची तक्रार जास्त काळ टिकते. निदान एका बैठकीचे थांबणे शक्य होते.

आणि कुस्ती. तिच्याबद्दल फार थोडे लिहिले-बोलले गेले. फुटबॉलसाठी माजी विद्यार्थी होते, वर्तमानपत्रे होती, एनएफएलमधले वजनदार नाव होते. कुस्तीगीर थोडे, त्यांचा संघ लहान, आणि पंचावन्न जणांचा फुटबॉल संघ जितक्या जागा खातो त्याच्या जवळपासही कुस्ती जात नव्हती. फुटबॉल गेल्यावर मोकळ्या झालेल्या पंधरा-वीस जागांतल्या दोन-तीन तिला देता आल्या असत्या. दोन्ही खेळ एकाच ठरावात बांधले गेले नसते, कुस्तीची चर्चा स्वतंत्रपणे झाली असती, तर निकाल काय लागला असता हे सांगता येत नाही. पण त्या मुलांचे म्हणणे त्यांच्याच खेळापुरते, वेगळ्या दिवशी, वेगळ्या टिपणावरून ऐकले जायला हवे होते.